दोन वर्षांच्या विजेतीचा पहिला सामना

आमच्या हेझलबर्न गावातली मिस ऑगस्टा पिलबीम ही लॉन टेनिसची सलग दोन वर्षं विजेती होती, आणि त्या दोन वर्षांत तिने स्पर्धेतल्या एकाही चेंडूला रॅकेट लावली नव्हती. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. वाटू दे. ससेक्स परगण्यातली थापा मारणारी गावं वेगळी, ती समुद्राच्या बाजूला आहेत. आमच्याकडे जे खरंच घडतं तेच इतकं वेडंवाकडं असतं, की पदरचं घालायची गरज पडत नाही.

ऑगस्टा म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांची, रेव्हरंड सेप्टिमस पिलबीम यांची थोरली मुलगी. उंच, हाडकुळी, कोपरं बाहेर आलेली. धाकट्या दोघी लग्न होऊन गेल्या, आई आधीच गेली होती, आणि वडिलांचं घर, रविवारची शाळा, आजाऱ्यांचं सूप आणि चर्चमधली फुलं हे सगळं ऑगस्टाच्या गळ्यात पडलं. गावात काम निघालं की "ऑगस्टाला सांगा", आणि काम झालं की आभार हवेलीतल्या सरदारबाईंचे, कारण त्यांनी ते बघायला येण्याची कृपा केलेली असायची. ऑगस्टाने कधी तक्रार केली नाही. तक्रार करायला वेळ लागतो, तो तिच्याकडे नव्हता.

मग गावात टेनिस आलं. त्याआधी आमच्या क्लबात क्रोके चालायचं. क्रोके म्हणजे लाकडी दांड्याने चेंडू टोलवायचा आणि त्याच्यामागे चालत जायचं, वाटेत हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. टेनिसमध्ये धावावं लागतं. ऑगस्टाला वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत कुणी "धाव" म्हटलं नव्हतं. "हळू चाल", "नीट बस", "आवाज करू नकोस" एवढंच तिने ऐकलं होतं. पहिल्या दिवशी ती गवतावर तीन पावलं धावली, टाचेत स्कर्ट अडकून पडली, उठली आणि म्हणाली, "पुन्हा!" त्या दिवसापासून बाई बिघडली, असं जुनी क्रोकेवाली मंडळी अजून सांगतात.

अठराशे चौऱ्याऐंशी साली क्लबाने बायकांची स्पर्धा ठेवली. चांदीचा चषक आला. नावं आली तीन. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात ऑगस्टाला थेट शेवटचा सामना मिळाला. बाकीच्या दोघींतली जिंकलेली मिस लेटिस हॉबडे समोर येणार होती. सामन्याच्या दिवशी अकरा वाजता लेटिसला तार आली, श्रूजबरीचे काका गेले म्हणून. झालं! सुतक लागलं.

आता आमच्याकडचं सुतक म्हणजे काही गंमत नाही. नवऱ्याचं दोन वर्षं, आईबापाचं एक, भावाबहिणीचं सहा महिने, काका-आत्याचं दोन, चुलतभावाचं सहा आठवडे. काळे कपडे घालायचे, काळ्या कडेच्या कागदावर पत्रं लिहायची, नाचायचं नाही, हसलं तर तोंडावर हात धरून. आणि रॅकेट हातात धरायची? शिव शिव! त्या काकांना लेटिसने जन्मात एकदा पाहिलं होतं आणि तेव्हाही ते झोपले होते, पण काका म्हणजे काका. लेटिसने माघार घेतली आणि ऑगस्टा विजेती झाली. चषक घेताना तिने कोरी करकरीत रॅकेट दुसऱ्या हातात धरली होती. टाळ्या वाजल्या नाहीत. मेलेल्या माणसाचा मान राखून लोक नुसते खोकले.

पुढच्या वर्षी आणखी पंचाईत झाली, कारण नियम असा, की गतवर्षीच्या विजेतीने आधीचे सामने खेळायचेच नाहीत. बाकीच्या बायकांनी आपसात लढायचं, जी उरेल तिने विजेतीला आव्हान द्यायचं, आणि विजेतीने तो एकच सामना खेळायचा. हा नियम क्लबाचे सेक्रेटरी आणि पंच मिस्टर टिडमार्श यांना फार प्रिय. टिडमार्श बँकेत मॅनेजर. बाकीचे पुरुष कोटाच्या ज्या खिशात बायकोचा फोटो ठेवतात, तिथे ते नियमपुस्तक ठेवत. त्यांनी ऑगस्टाला चार दिवस खुर्चीवर बसवलं आणि ती दुसऱ्यांचे चेंडू इकडून तिकडे जाताना बघत राहिली. पाचव्या दिवशी तिच्याशी खेळायला ल्यूइसच्या मिसेस स्ट्रडविक येणार होत्या. त्यांची सासू गेली. सासू गेल्याचं त्यांना किती दुःख झालं ते देव जाणे, पण सामना हुकला म्हणून त्या हमसून हमसून रडल्या, आणि सुनेची माया बघून सगळं घर गहिवरलं.

ऑगस्टा पुन्हा विजेती! आता मात्र गावातल्या थट्टेला ऊत आला. मटणवाला कसाई मांस तोलता तोलता विचारायचा, "मिस पिलबीम, यंदा कुणाचे काका?" क्लबातले म्हातारे म्हणायचे, "हिच्याविरुद्ध नाव द्यायचं तर आधी घरातल्यांना डॉक्टरकडे दाखवून आणा." ऑगस्टा हसायची. वरवर हसायची. घरी येऊन मग ती धान्याच्या कोठाराच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची, रोज तासभर, पाऊस असो नाहीतर ऊन. तीन वर्षं तिने त्या भिंतीशी टेनिस खेळलं. भिंत सुतक पाळत नाही आणि दमतही नाही.

तिला चषकाची हाव नव्हती. सलग तिसऱ्यांदा जिंकली की चषक कायमचा तिच्या घरी जाणार होता, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला एक सामना हवा होता. खरा. चार लोकांसमोर, घाम गाळून. जिंकेन की हरेन ते पुढचं पुढे. एकदा तरी कुणीतरी म्हणायला हवं होतं, की ऑगस्टा पिलबीम खेळली.

तिसऱ्या वर्षी आली इडा क्रॅनशॉ. वय वर्षं सतरा. बाप बिअर गाळणारा, गेल्याच वर्षी गावात आलेला, पैसेवाला. क्लबातल्या बायकांनी नाकं मुरडली. "बिअरवाल्याची पोर! आणि स्कर्ट पाहिलात? घोटे दिसतात!" पण त्या घोट्यांवर ती पोर अशी धावायची, की नाकं मुरडलेल्या बायकांपैकी चार जणी चार दिवसांत हरल्या. आमच्याकडच्या बायका सर्व्हिस खालून करतात, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी. इडा हात डोक्यावर नेऊन वरून मारायची. एका बाईंना तर तिने एकही गेम दिला नाही. त्या सामन्याआधी चहा सांगून आल्या होत्या, परत गेल्या तेव्हा चहा गरमच होता.

ऑगस्टा हे सगळं खुर्चीवरून बघत होती. तिला भीतीही वाटत होती आणि आनंदही. शुक्रवारी निजण्याआधी ती गुडघे टेकून बसली आणि तिने मनापासून प्रार्थना केली, "देवा, क्रॅनशॉ घराण्यातले सगळे काका, मामा, आत्या आणि मावश्या उद्या संध्याकाळपर्यंत ठणठणीत राहू देत. लांबचे चुलतभाऊसुद्धा. आमेन."

स्वतःच्या घराण्याबद्दल बोलायचं ती विसरली.

शनिवारी सकाळी पावणेनऊला टपाल आलं. ऑगस्टाने दारातून उचललं. एक बियाण्यांची जाहिरात, आणि एक पाकीट. चारी बाजूंनी बोटभर काळी कड. वर वडिलांचं नाव. शिक्का वर्दिंगचा.

वर्दिंगला त्यांचं एकच माणूस होतं. टॅबिथा आत्या, वडिलांची सख्खी थोरली बहीण, वय एकोणऐंशी. आणि पाकिटावरचं अक्षर आत्याचं नव्हतं. ते होतं आत्याजवळ राहणाऱ्या मिस पेकचं. आत्या जिवंत असताना दुसऱ्या कुणाला टाकाला हात लावू देईल? शक्यच नाही. म्हणजे गेली! आत्या गेली!

ऑगस्टा पाकीट हातात घेऊन दारातच उभी राहिली. पहिला विचार आला तो आत्याचा, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. आत्या कवडीचुंबक. दर नाताळला ऑगस्टाला एक हातमोजा पाठवायची. एकच. दुसरा पुढच्या नाताळला. पण प्रेमाची होती आपल्या परीने. डोळ्यांत पाणी आलं. दुसरा विचार आला आणि ते पाणी जागीच थांबलं. आत्याचं सुतक दोन महिने. म्हणजे आज माघार ऑगस्टाला घ्यावी लागणार. इडाला चषक, आणि ऑगस्टाला न खेळता दोनदा जिंकल्यावर न खेळता हरायचा मान. आणि कसाई! कसाई काय म्हणेल?

तिने पाकिटाकडे पाहिलं. पाकीट बंद होतं. आणि त्या घटकेला तिला एक युक्ती सुचली, जी फक्त आमच्याच लोकांना सुचू शकते. सुतक लागतं ते बातमी कळल्यावर. पाकीट उघडलं नाही तर बातमी कळली नाही. दुपारी आणखी एकदा टपाल येतंच. संध्याकाळी द्यावं बाबांच्या हातात आणि म्हणावं, आत्ताच आलं.

पाद्रीसाहेब उकडलेल्या अंड्याचं डोकं उडवत बसले होते. "काही आलं का गं?"

"बियाण्यांची जाहिरात, बाबा."

पाद्र्याची मुलगी, आणि बापाच्या तोंडावर खोटं! तिला वाटलं, छत कोसळेल. छत कोसळलं नाही. पाद्रीसाहेबांनी अंड्यावर मीठ टाकलं.

"टॅबीला पत्र लिहायचं राहिलंय माझं," ते म्हणाले. "बरेच दिवस तिची काही खबर नाही. पण तिची काळजी नको. आमची टॅबी सगळ्यांना पोचवून मग जाईल."

ऑगस्टाला चहाचा ठसका लागला. पाद्रीसाहेबांनी तिच्या पाठीवर थोपटलं. "घाबरू नकोस बाळ, खेळच आहे तो," असं म्हणाले. त्यांच्या त्या मायेने तिचा जीव आणखीच खालीवर झाला.

पाकीट घरी ठेवायची सोय नव्हती. मोलकरीण सगळीकडे धूळ झटकते. म्हणून ऑगस्टाने ते टेनिसच्या एप्रनमध्ये घातलं. बायकांच्या या एप्रनला पोटावर दोन खोल खिसे असतात, चेंडू ठेवायला. तळाला आत्या, वर चेंडू, अशी व्यवस्था करून ती तीन वाजता कोर्टावर उतरली.

दोनशे माणूस जमलं होतं. कसाईसुद्धा दुकान बंद करून आला होता. टिडमार्श जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या उंच खुर्चीत बसले आणि घसा साफ करून म्हणाले, "दोन्ही बाजूंचे सर्व नातेवाईक कुशल आहेत असं मी धरून चालतो." लोक खो खो हसले. ऑगस्टा पांढरी पडली.

पहिला सेट कसा गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. इडाची सर्व्हिस वरून यायची आणि प्रत्येक चेंडूबरोबर आत्या दिसायची. खिशातून चेंडू काढायला हात घातला की बोटांना पाकिटाची कड लागायची आणि सर्व्हिस नेटमध्ये जायची. सहा-दोन. इडाने एवढ्या वेळात टोपीसुद्धा सरळ केली नव्हती. म्हातारे क्रोकेवाले एकमेकांना म्हणाले, "काकांशिवाय काही खरं नाही हिचं."

ते ऑगस्टाने ऐकलं, आणि तिला राग आला. साधा राग नाही. दहा वर्षांचं सूप, फुलं आणि रविवारची शाळा एकदम डोक्यात गेली. ती मनात म्हणाली, आत्या, मला क्षमा करा, पण तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबा. आणि ती खेळायला लागली.

काय खेळली बाई! फटक्यात जोर नव्हता, नजाकत तर नव्हतीच, पण चेंडू परत यायचा. कुठेही मारा, परत यायचा. इडा डाव्या कोपऱ्यात मारायची, ऑगस्टाची कोपरं तिथे हजर. उजवीकडे मारायची, तिथेही हजर. तीन वर्षं भिंतीबरोबर राहून ती स्वतःच भिंत झाली होती. इडाची टोपी आधी वाकडी झाली, मग मागे पडली, मग तिने ती काढून गवतावर फेकली. पाद्रीसाहेबांच्या हातातलं सँडविच हातातच राहिलं. दुसरा सेट सहा-चार. ऑगस्टाचा!

बाजू बदलायच्या होत्या. नेटच्या खांबाजवळ दोघी समोरासमोर आल्या. इडाची सर्व्हिस होती, म्हणून ऑगस्टाने तिला द्यायला खिशातून चेंडू काढले. घाईत तीन काढले, आणि चौथं बाहेर आलं ते पाकीट. गवतावर उताणं पडलं, काळी कड वर करून.

इडा आधी वाकली. तिने पाकीट पाहिलं. आमच्याकडे दुधखुळं पोरही ती कड ओळखतं. तिने मान वर करून ऑगस्टाकडे पाहिलं, आणि ऑगस्टाला वाटलं, संपलं. ही आता नुसतं बोट दाखवेल, आणि सामना हिचा, चषक हिचा, आणि वर आपली अब्रू गावभर.

"काय पडलं?" टिडमार्श वरून ओरडले. त्यांना लांबचं दिसत नाही, पण ते कबूल करत नाहीत.

"रुमाल," इडा म्हणाली. तिने पाकीट रॅकेटखाली धरून ऑगस्टाच्या हातात दिलं. "मिस पिलबीमचा रुमाल." मग ओठ न हलवता विचारलं, "कोण?"

"आत्या," ऑगस्टा पुटपुटली.

"सख्ख्या?"

"सख्ख्या."

"उघडलंय?"

"नाही."

"मग अजून कुणी गेलेलं नाही," इडा म्हणाली. "आणि हे बघा मिस पिलबीम, चार दिवस मी नुसते चेंडू मारतेय आणि समोरच्या बाया ते उचलून देतायत. तुम्ही पहिल्या, ज्या परत मारताय. आता जर तुम्ही रडत घरी गेलात ना, तर याद राखा! सर्व्हिस माझी आहे."

ऑगस्टाला त्या क्षणी त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं. पण टिडमार्श बघत होते, म्हणून तिने नुसती मान हलवली.

तिसरा सेट सुरू झाला, आणि हेझलबर्नने असा सामना आधी पाहिला नव्हता. एक-एक, दोन-दोन, तीन-तीन. कसाई बाकावर उभा राहिला. सरदारबाई "शाब्बास!" म्हणाल्या आणि मग आपण काय म्हणालो म्हणून इकडेतिकडे बघू लागल्या. चार-चार. इडाची सर्व्हिस. तिने हात डोक्यावर नेला, चेंडू मारला, आणि तो ऑगस्टाच्या कानाजवळून सूं करत निघून गेला. ऑगस्टा हललीसुद्धा नाही. ती फाटकाकडे बघत होती.

फाटकात टॅबिथा आत्या उभी होती. नखशिखांत नेहमीच्या काळ्या कपड्यांत, हातात छत्री, बुटांवर धूळ.

"आत्या!" ऑगस्टाने किंकाळी फोडली. "तुम्ही जिवंत आहात!"

दोनशे माणसांच्या माना फिरल्या.

"मग?" आत्या म्हणाली. "त्यात बोंबलण्यासारखं काय आहे? आगगाडीचं तिकीट काढून आलेय मी. सेप्टिमस! अरे सेप्टिमस! दोन तास स्टेशनावर बसले मी. घोडागाडी पाठव म्हणून पत्रात लिहिलं होतं ना? दोन मैल चालत आले या वयात!"

"कुठलं पत्र, टॅबी?" पाद्रीसाहेब उभे राहिले. "मला काही पत्र नाही आलं."

"आलं नाही? काल टाकलंय! अंगठ्याला नखुरडं झालं, म्हणून पत्र त्या पेकला लिहायला लावलं, तिने पत्ता चुकीचा लिहिला की काय?"

ऑगस्टाने एप्रनच्या खिशात हात घातला आणि पाकीट काढून वडिलांसमोर धरलं. आता ते सगळ्यांना दिसलं, टिडमार्शनासुद्धा. लोकांनी एकदम श्वास आत ओढला.

पाद्रीसाहेबांनी पाकीट उलटंसुलटं केलं. "बियाण्यांची जाहिरात," ते सावकाश म्हणाले.

"बाबा, मला वाटलं आत्या गेल्या. मला वाटलं, उघडलं तर खेळता येणार नाही. म्हणून मी..."

"पण टॅबी, ही काळी कड कशाला?" पाद्रीसाहेबांनी विचारलं. "कोण गेलंय?"

"कुणी नाही गेलं! आमच्याकडचा कागदवाला दुकान बंद करत होता, अर्ध्या किमतीत दिली त्याने तीनशे कागद-पाकिटं. कड काळी आहे, मधला कागद पांढराच आहे ना? लिहायचं मधेच असतं की नाही?" आत्या ऑगस्टाकडे वळली. "म्हणजे मी मेलेय असं समजून तू इथे उड्या मारत होतीस?"

"हो, आत्या."

"किती गेम जिंकलीस?"

"बारा."

आत्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माझ्या मरणाने एवढी ताकद येत असेल तर दरवर्षी कळवत जाईन," ती म्हणाली, आणि सरदारबाईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

टिडमार्श मात्र नियमपुस्तक चाळत होते. त्यांचा घाम पुस्तकावर टपकत होता. "प्रश्न असा आहे, की हा पॉइंट कुणाचा? चेंडू रेषेच्या आत पडला, पण खेळात व्यत्यय आला. कोर्टात कुत्रा शिरला तर काय करायचं ते दिलंय. आत्या आली तर काय, ते दिलेलं नाही."

"मला कुत्रा म्हणालास?" आत्या कडाडली.

"तो पॉइंट पुन्हा खेळू," इडा नेटपलीकडून म्हणाली. "माझी काही हरकत नाही. पण लवकर, माझे हात गार पडतायत."

पाद्रीसाहेब ऑगस्टाजवळ आले. तिला वाटलं, आता हात धरून घरी नेणार. मान वर करायची तिची हिंमत होईना. "तू माझ्याशी खोटं बोललीस," ते म्हणाले. "त्याबद्दल आपण उद्या बोलू, चर्च झाल्यावर, सविस्तर. पण तुला याची इतकी ओढ आहे हे मला माहीत नव्हतं गं. तीन वर्षं मागच्या भिंतीवर ठकठक ऐकतोय मी, मला वाटायचं कौलांची डागडुजी चाललीय. जा. ती मुलगी थांबलीय." आणि त्यांनी पुढे होऊन तिची पडलेली रॅकेट उचलून दिली.

डोळे पुसून ऑगस्टा जागेवर गेली. आत्या जिवंत, बाबांना सगळं माहीत, खिशात नुसते चेंडू. अंगावरचं दोन मणांचं ओझं उतरलं होतं. इडाची सर्व्हिस तिने फोडली. पाच-चार! आता सर्व्हिस तिची. चाळीस-तीस. एक पॉइंट, आणि चषक कायमचा घरी.

त्या पॉइंटला चेंडू किती वेळा इकडून तिकडे गेला, त्याबद्दल गावात अजून भांडणं होतात. कसाई एकतीस म्हणतो, टिडमार्श सव्वीस. शेवटी ऑगस्टाने चेंडू मारला, तो नेटच्या दोरीवर बसला, क्षणभर तिथेच राहिला, आणि तिच्याच बाजूला पडला. दोनशे लोक "अरेरे!" म्हणाले. पुढचे दोन्ही पॉइंट इडाने घेतले. पाच-पाच. सहा-पाच. आणि सात-पाच. इडा क्रॅनशॉ जिंकली, स्वच्छ, आपल्या हिमतीवर. सतरा वर्षांची छाती आणि छत्तीस वर्षांचे गुडघे, त्यात आणखी काय व्हायचं?

आणि मग टाळ्या. अशा टाळ्या आमच्या गावात राणीसाहेबांच्या वाढदिवसालाही वाजत नाहीत. ऑगस्टाला आधी वाटलं, इडासाठीच आहेत. मग कसाईचा आवाज आला, "पिलबीम! पिलबीम!" आणि क्रोकेवाले म्हातारे काठ्या आपटायला लागले. तिला रडू कोसळलं. इतक्या वर्षांत त्या गावाने तिच्यासाठी काही केलं नव्हतं, ते त्यांनी त्या पाच मिनिटांत केलं, आणि तिला ते पुरलं.

चहाच्या तंबूत आत्याने तिला बोलावलं. चषक इडाच्या हातात गेला होता. आत्याने आधी त्यावर नखाने टिचकी मारून तो चांदीचा आहे की मुलाम्याचा ते बघून घेतलं होतं. "हरलीस, आणि हसतेस काय?" ती म्हणाली. "एका पॉइंटने चांदी घालवलीस!"

"आत्या," ऑगस्टा म्हणाली, "मी आत्ताच मिस्टर टिडमार्शना विचारून आले. विजेतीने बसून राहायचं. पण मी आता विजेती नाही! पुढच्या वर्षी मी पहिल्यापासून नाव देऊ शकते. जिंकत गेले तर चार सामने, आणि वर पाचवा. पाच, आत्या!" बोलताना तिच्या कपातला चहा बशीत सांडला.

शेजारी इडा चषक छातीशी धरून उभी होती. तिने हे ऐकलं. आधी तिला कळलं नाही. मग कळलं. तिने टिडमार्शकडे पाहिलं, टिडमार्शनी आनंदाने मान डोलावली आणि खिशातल्या नियमपुस्तकावर हात ठेवला.

"म्हणजे मी?" इडा म्हणाली. "मी एकच?"

"एकच," ऑगस्टा म्हणाली.

त्या पोरीचा चेहरा पडला आणि डोळ्यांतून टपटप पाणी चषकात पडायला लागलं. लोकांना वाटलं, आनंदाने रडतेय. सगळे कौतुकाने बघू लागले, सरदारबाईंनी तर "बिचारी, किती हळवी!" म्हणून बिअरवाल्याच्या मुलीला जन्मात पहिल्यांदा बिस्किट दिलं. ऑगस्टाने तिला जवळ घेतलं, आपला रुमाल दिला, या वेळी खराखुरा, आणि तिच्या कानात म्हणाली, "रडू नकोस गं. हरायचं कसं ते शिकवीन मी तुला."